मातीच्या घराची शिफारस कोणी करावी

शहरातून आलेला पाहुणा गावातलं एखादं पडकं धाब्याचं घर बघून थांबतो, फोटो काढतो अन् म्हणतो, "तुम्ही लोकांनी हे मोडायला नको होतं." उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, पैसा कमी. सगळं खरं आहे. दोन हात रुंद भिंतीआड मे महिन्याची दुपार कळत नाही, हे मला कोणी सांगायला नको, माझं अर्धं आयुष्य तसल्याच घरात गेलं. पण सांगणारा स्वतः स्लॅबखाली राहतो. मग प्रश्न पडतो, की एखादी गोष्ट चांगली असली तरी ती दुसऱ्यानं धरून ठेवावी, असं म्हणायचा अधिकार कोणाला?

मातीचं घर एकदा बांधून होत नाही, ते दरवर्षी बांधावं लागतं. मृगाच्या आधी पांढरी माती गाडीनं आणायची, धाब्यावर पसरायची, चोपायची. दिवाळीआधी भिंती पोतारायच्या. अन् सारवण तर कधी संपतच नाही. गड्यांचं काम चार दिवसांत उरकायचं, बायांचं वर्षभर चालायचं. माझ्या आईच्या बोटांना कायम भेगा. घरात सिमेंटचा कोबा झाला त्या दिवशी तिनं नुसता हात फिरवून बघितला अन् म्हणाली, "बरं झालं बाबा, कंबर सुटली." तिच्यापुढं मातीचे गुण गायची माझी छाती नव्हती, आजही नाही.

आफ्रिकेत माली देशात जेने नावाचं गाव आहे. तिथली मोठी मशीद सगळी मातीची, आज दिसते तशी 1907 साली उभी राहिली. दरवर्षी अख्खं गाव ती लिंपतं. चिखलात भाताचा तूस मुरवतात, पोरं टोपल्या वाहतात, बाया पाणी आणतात, अन् भिंतीतून बाहेर काढलेल्या लाकडांवर चढून गवंडी हात फिरवतात. सणच तो. पण 1988 साली युनेस्कोनं गाव जागतिक वारशात घेतलं, तेव्हापासून लोकांना राहत्या घराचं रूपही मनासारखं बदलता येईना, अन् कुरकूर सुरू झाली. मला ती कुरकूर पटते. मशीद सगळ्यांची, तिला सगळ्यांचे हात लागतात. घर ज्याचं त्यालाच लिंपावं लागतं.

जपानात शिराकावा भागात गवतानं शाकारलेली उंच उतरत्या छपरांची घरं आहेत. एकाचं छप्पर बदलायचं तर सगळा गाव येतो, उद्या दुसऱ्याकडे आपण जायचं. त्याला ते 'युई' म्हणतात. आपली सावडच की ती! आमच्याकडे आधी सावड मोडली, घरं नंतर पडली. पाहुण्याला घर हवं असतं, सावडीत यायचं नसतं.

अन् किल्लारी विसरून कसं चालेल? 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, लोक गणपती बोळवून निजलेले. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाबं. गळू नये म्हणून आजानं माती टाकली, तिच्यावर बापानं, तिच्यावर लेकानं. काळजीपोटीच टाकलेली ती माती, पण थरावर थर चढून तिचं ओझं झालेलं. ते सगळं निजलेल्या माणसांवर आलं. हजारो गेले. खांब-तुळयांचा सांगाडा ज्या घरांत नीट होता, तिथं भिंती ढासळूनही छत तोललं गेलं, हेही लोकांनी बघितलं. म्हणजे दोष एकट्या मातीचा नव्हता. पण ज्याची लेकरं त्या ढिगाखालून काढली, त्याला हा हिशेब सांगायला कोणत्या तोंडानं जायचं? तो पत्र्याखाली उकडून निघतो अन् निवांत झोपतो. त्याचं त्याला कळतं.

आमचा गोठा अजून मातीच्या भिंतींचा आहे, वर पत्रे. जनावरं उन्हाळ्यात तिथून हलत नाहीत. भिंती मी अन् धाकटा भाऊ लिंपतो, गुडघे कुरकुरतात तरी. सुनेला त्या कामाला लावत नाही. तिच्या मनात आलं तर ती येते, एखादा हात मारते अन् जाते.