सोडलेल्या माशाचा हिशेब

एप्रिलमधल्या एका शनिवारी आम्ही तीन कुटुंबं कनकपुऱ्याच्या पुढे एका मित्राच्या शेतावर मुक्कामाला गेलो. सहा मोठी माणसं, पाच मुलं, चार तंबू. शेतात एक तळं आहे, त्यात मित्रानं रोहू आणि कटला सोडले आहेत. दिवसभर गळ टाकून बसायचं, रात्री शेकोटी करायची आणि मासा लागला की फोटो काढून तो परत पाण्यात सोडायचा, असा बेत होता. सोडायच्या बाबतीत मित्र कडक आहे. "माझ्या तळ्यात कोणी मरत नाही," हे तो अभिमानानं सांगतो. त्याच रात्री निखाऱ्यांवर भाजायला आम्ही रसेल मार्केटमधून सुरमई नेली होती, मसाला लावून, बर्फाच्या पेटीत. यातली विसंगती कोणाला जाणवली असेल तर तो बोलला नाही. मीही बोलले नाही.

दुपारी चारच्या सुमारास माझ्या नऊ वर्षांच्या लेकीच्या गळाला रोहू लागला. किलोभराचा असेल. फोटोसाठी आधी तिनं धरला, मग सगळ्या मुलांनी मिळून धरला, मग कोणाचे तरी डोळे मिटले म्हणून पुन्हा एकदा. गळ काढताना ओठातून थोडं रक्त आलं. मित्रानं त्याला दोन्ही हातांनी पाण्यात धरून हळूहळू मागेपुढे केलं. मासा निसटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लेक मात्र पाण्याकडेच पाहत राहिली. मग म्हणाली, "आई, खायचा नव्हता तर त्याला बोलावलं कशाला?"

रविवारी पहाटे मी सगळ्यांच्या आधी उठले. काठच्या गवतात एक रोहू पोट वर करून तरंगत होता. ओठाला जखम होती. मी तो काठीनं ओढून घेतला आणि मुलं उठायच्या आत केळीखाली खड्डा करून पुरला. इडली खाताना लेकीनं विचारलं, "माझा मासा कुठे असेल आता?" मी म्हटलं, "खोल पाण्यात गेला असेल."

कन्नडमधून मराठीत अनुवाद करणं हा माझा व्यवसाय आहे. मूळ शब्द टोचरा असला की मराठीत तो किंचित मऊ करायचा मोह मला चांगला माहीत आहे. तरी या बाबतीत मराठी स्वतः मऊ नाही. कन्नडमध्ये मासे 'हिडियतात', म्हणजे धरतात. आपण मासे 'मारतो'. 'मासेमारी' या शब्दातच शेवट सांगून टाकलेला आहे. गळाला मात्र कन्नडमध्येही 'गाळ'च म्हणतात. आणि मराठीत 'गळ घालणं' म्हणजे आर्जव करणं, नको म्हणणाऱ्यालाही ये म्हणणं. लेकीचा 'बोलावलं' हा शब्द म्हणूनच मला इतका लागला असावा. ज्याला गळ घालून बोलावलं त्याचं आपण काय देणं लागतो, हा तिचा प्रश्न होता.

माझे आजोबा मालवणकडचे. ते खाडीवर गरवायला जात. मिळेल ते घरी यायचं, आजी त्याचं कालवण करायची. मासा पकडून सोडून द्यायचा, हे ऐकून ते म्हणाले असते, मग त्याला उगाच छळला कशाला? मित्राचा युक्तिवादही कच्चा नाही. आजोबांचा मासा नक्की मेला, माझ्या माशाला निदान संधी मिळते. माशाच्या बाजूनं बघ, असं तो म्हणतो.

कायद्यांनीही यावर वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. स्वित्झर्लंडमध्ये २००९ पासून सोडून देण्याच्याच हेतूनं मासा गळाला लावायला बंदी आहे. खायचा असेल तर पकडा, असा तिथला रोख. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याप्ती मारण्यापुरती नाही. पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं हेही त्यात येतं. आणि याच मुद्द्यावर बंगळूरपासून शंभरेक किलोमीटरवर, कावेरीच्या काठी, एक जुना खेळ बंद झाला.

भीमेश्वरी, गालीबोरे, दोड्डमकळी ही नावं एकेकाळी जगभरच्या गळवाल्यांना पाठ होती. कावेरीतला महाशीर हे कारण. हेन्री सलिव्हन थॉमस या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' लिहिलं तेव्हापासून या माशाचा लौकिक. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकानं कबिनी नदीत १२० पौंडांचा महाशीर काढला. शिकारीचे दिवस संपले आणि १९७२ मध्ये बंगळूरात वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साऊथ इंडिया स्थापन झाली. तिनं कावेरीचे काही पट्टे सांभाळायला घेतले. पुढे सरकारी जंगल लॉजेसच्या छावण्या आल्या. नियम एकच, वजन करा आणि सोडा. पूर्वी चोरून, सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांपैकी काहींना तिथे वाटाडे म्हणून काम मिळालं. नदीला राखणदार मिळाले. हा खेळ नसता तर तो मासा आधीच संपला असता, असं गळवाले म्हणत, आणि त्यात तथ्य होतं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. १९७० च्या दशकात लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीनं महाशीरची पिल्लं वाढवायला सुरुवात केली. तो हेतूही चांगलाच होता. तिथली पिल्लं पुढे कावेरीतही सोडली गेली. ती जात मात्र दख्खनची, निळसर परांची. साईक्सनं १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून तिचं वर्णन केलं होतं. कावेरीचा स्वतःचा महाशीर वेगळा, पाठीला कुबड आणि नारिंगी पर असलेला. आमचा मासा कावेरीत फोफावला आणि तिथला मूळ रहिवासी घटत गेला. बंगळूरात राहणाऱ्या मराठी माणसाला हे वाचताना जरा अवघडल्यासारखं होतं. धरणं, वाळूउपसा, सुरुंग हीही कारणं होतीच. पण नदीवर प्रेम करणाऱ्यांनी केलेली ही भरही त्यात आहे. आणखी लाजेची गोष्ट अशी, की जगभरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या मागे लागले त्या कुबडवाल्या माशाचं शास्त्रीय नाव २०१८ पर्यंत नक्की झालेलं नव्हतं. नाव ठरलं त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' म्हणून लाल यादीत गेला.

हे सगळं कळलं कसं? गालीबोरेच्या छावणीत गळवाले नोंदवही ठेवत. कोणता मासा, किती वजनाचा, कधी. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या त्या नोंदी संशोधकांनी तपासल्या तेव्हा चित्र उघड झालं. निळ्या पराचे वाढत गेलेले, कुबडवाल्याची लहान पिल्लं जवळजवळ दिसेनाशी झालेली. २०१२ च्या सुमारास अभयारण्यातला खेळ थांबला आणि त्याबरोबर वहीही थांबली.

त्या वहीबद्दल मी बरेच दिवस विचार करते आहे. गळवाल्यांचा 'आम्ही कोणाला मारत नाही' हा दावा पूर्ण खरा नव्हता. २००३ मध्ये ट्राउट माशांवर प्रयोग झाले, त्यात त्यांच्या ओठांत इजा ओळखणारे मज्जातंतू सापडले. त्याला दुखणं म्हणायचं की नाही यावर वाद आहे, पण 'माशाला काही कळत नाही' हे आता निर्धास्तपणे म्हणता येत नाही. नदीचं आपण भलंच केलं, हा त्यांचा विश्वासही अर्धाच टिकला. टिकली ती नोंद. हौसेपोटी, थोड्या बढाईपोटीही लिहिलेली असेल, पण जे आलं ते लिहिलं, म्हणून एक दिवस ती लिहिणाऱ्यांच्याच विरुद्ध साक्ष देऊ शकली.

मला वाटतं, प्राण्यांशी आपल्या व्यवहारात हात स्वच्छ राहणं जवळपास अशक्य आहे. बर्फातली सुरमईही कोणीतरी मारलेलीच होती. आजोबांना हात स्वच्छ असल्याचा आव आणावा लागत नसे. मासा किती आणि कोणासाठी, हे ताटात दिसायचं. सोडून देण्यात धोका हा, की मासा नजरेआड होतो आणि हिशेबही. 'माझ्या तळ्यात कोणी मरत नाही' हे वाक्य कोणी मोजत नाही तोवरच खरं राहतं. आणि जी एक नोंद झाली असती ती मी स्वतः केळीखाली पुरली होती.

परतल्यावर चार दिवसांनी लेकीला खरं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, "कुठे पुरलास?" आणि मग, "त्यापेक्षा खाल्ला का नाही?" मित्रालाही फोन केला. तो जरा थांबून म्हणाला, "उन्हाळ्यात होतं तसं. पाणी तापतं. दोन-तीन जातात." म्हणजे त्यालाही माहीत होतं.

पुढच्या वेळी थंडीत जायचं, फोटो काढायचे नाहीत, पहिला मासा लागला की तो शिजवायचा आणि गळ गुंडाळून ठेवायचा, असं लेकीनं ठरवलं आहे. शिवाय तळ्यावर एक वही ठेवायची. वहीला मित्र तयार आहे. शिजवायला अजून नाही.