बेवारस अस्थी

माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. इथे अमेरिकेत डॉक्टरांच्या पिढ्या ती ज्या सांगाड्यांवर शिकल्या, त्यांतले पुष्कळसे भारतातून, मुख्यतः कलकत्त्याहून आलेले. १९८५ साली भारताने ही निर्यात बंद केली. जुने सांगाडे अजून कपाटांत आहेत. देहदानात माणूस स्वतः सही करतो. यांना कोणी विचारले होते? आपण आईवडिलांच्या अस्थी घेऊन नाशिकला रामकुंडावर जातो. यांचे गावही ठाऊक नाही. माझे मोडलेले मनगट जुळवणारा डॉक्टरही कदाचित त्यांवरच शिकला असेल. उपकार आहेतच. पण उपयोग झाला म्हणजे संमती मिळाली, हे मला पटत नाही. परत पाठवावे म्हटले, तर कोणाच्या दारी? निदान इथेच सन्मानाने अग्नी द्यायला काय हरकत आहे?