मरणाचा जाब कोणी विचारायचा?

लहान मूल गेलं तर सुतक किती पाळायचं, हे धर्मशास्त्राने बारकाईने ठरवून ठेवलं आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात चौलापूर्वी गेलेल्या मुलाचं अशौच एका रात्रीचं, त्यानंतर गेलेल्याचं तीन रात्रींचं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला ना अग्नी ना पाणी, त्याला गावाबाहेर पुरायचं. जुन्या ख्रिस्ती रीतीतही चर्चच्या वहीत नोंद होई ती बाप्तिस्म्याची, आणि बाप्तिस्म्याआधी दगावलेल्या बाळाला पवित्र दफनभूमीत जागा नसे. धर्माच्या लेखी माणूस जन्मताच पुरा होत नाही. संस्कारांनी हळूहळू होत जातो. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारची जन्म-मृत्यूची वही आली, तिला या पायऱ्यांशी कर्तव्य नव्हतं. तासाभराचं मूल आणि ऐंशी वर्षांचा वैदिक, दोघांच्या वाट्याला एकेक ओळ. राज्यकर्त्यांचा हेतू काहीही असो, या वहीने एक नैतिक दावा आपल्यापुढे ठेवला असं मला वाटतं. कोणाचंही मरण ही फक्त त्याच्या घराची बाब नाही; घराबाहेरच्यालाही त्याचा जाब विचारता येतो.

हेतू उदात्त होता असं मात्र कोणी समजू नये. १७८९ साली बनारसचा रेसिडेंट जोनाथन डंकन याने, जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, जौनपूर भागातल्या राजकुमार राजपुतांकडून मुली मारणार नाही असा करार लिहून घेतला. १७९५च्या रेग्युलेशनने बालहत्या हा खून ठरवला. पण ज्या मुलीचा जन्मच घराबाहेर कोणाला कळला नाही, तिचा खून सिद्ध कसा करायचा? म्हणून १८७०च्या बालिकाहत्या प्रतिबंधक कायद्यात जाहीर केलेल्या मुलखांपुरती जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदीची तरतूद झाली. सोबत जादा पोलीस आणि त्यांचा खर्च रहिवाशांच्याच माथी. संपूर्ण समाजाला संशयित मानणारी ही व्यवस्था होती, यात शंका नाही. तरी तिच्यामागचा तर्क खोटा ठरत नाही. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासी ही बालवधू नवऱ्याच्या संभोगाने मेली. कायद्यातली संमतीची मर्यादा तेव्हा दहा वर्षांची होती; तिचं वय दहाच्या पुढे धरलं गेलं, आणि बलात्काराचा आरोप टिकला नाही. पुढच्याच वर्षी ही मर्यादा बारावर गेली. त्या वादात टिळकांसारख्यांचा मुख्य आक्षेप परक्या सरकारच्या धर्मातल्या हस्तक्षेपाला होता, पण नोंद नसलेल्या देशात वय शाबीत कसं करणार, असंही विचारलं गेलं. हा प्रश्न सुधारणा थोपवण्यासाठी आला असेल. वस्तुस्थिती म्हणून तो बिनतोड होता. वयावर उभं राहिलेलं प्रत्येक संरक्षण शेवटी जन्मनोंदीवर येऊन थांबतं.

याला एक आक्षेप गंभीर आहे. अशौचाच्या पायऱ्या म्हणजे तान्ह्या जिवाची हेळसांड नव्हे, उलट करुणा आहे: त्या जिवाला कर्म साचलेलं नाही, म्हणून विधी नको, आईबापांनाही लांबलचक सुतकातून सोडवलं आहे. हे मला मान्य आहे. पण शोक कोणी आणि किती दिवस करायचा, एवढ्याचंच उत्तर अशौच देतं. मूल का मेलं, हे ते विचारत नाही. नात्यात नसलेल्याने ते विचारावं याला त्यात जागाच नाही. वही विधीची जागा घेत नाही. तिचा प्रश्नच निराळा आहे.

दुसरा आक्षेप असा की समान ओळ ही निव्वळ कल्पना. वसाहतीच्या वहीत समता होती कुठे? हे बरंचसं खरं आहे. १८८६चा जन्म, मृत्यू आणि विवाह नोंदणी कायदा ऐच्छिक होता, आणि त्याचा लाभ मुख्यतः ख्रिस्ती लोकांना आणि १८६५चा वारसा कायदा लागू असणाऱ्यांना. हिंदू-मुसलमानांची गणना गावकामगारांनी दिलेल्या वर्दीवर चाले; तिचा उपयोग साथी आणि मृत्यूचं प्रमाण मोजायला. म्हणजे साहेबाला दाखला, रयतेला आकडा! आपल्याकडच्या गाव नमुना १४मध्ये, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, नावाशेजारी जातही लिहिली जाई. अलीकडे कुणबी नोंदींचा शोध याच वह्यांतून घेतला गेला. ओळ सारखी होती, रकाने सारखे नव्हते. पण दोष रकान्याचा असेल तर ओळ का पुसायची? स्वतंत्र भारताने १९६९च्या कायद्याने नोंदणी सर्वांना सक्तीची केली, तेव्हा साहेबापुरता असलेला दाखला प्रत्येकाचा झाला.

आज अडचण उलट दिशेने येते. २०२३च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांसाठी, शाळाप्रवेशापासून पुढच्या बऱ्याच कामांना जन्मदाखलाच पुरावा. मग ज्याची नोंद नाही तो जन्मलाच नाही, असं मानायचा मोह कचेऱ्यांना होणार. पण जाब विचारण्यासाठी केलेली वही जाब विचारणाऱ्यालाही बांधते. वर्दी देण्याचं कर्तव्य कायद्याने घरच्यांवर आणि इस्पितळांवर टाकलं आहे खरं. पण याच कायद्याचं सातवं कलम निबंधकालाही सांगतं की, आपल्या हद्दीतला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू काळजीपूर्वक माहीत करून घ्यायची पावलं त्याने स्वतः उचलायची आहेत, आणि नोंद करायची तीही कसलीही फी न घेता.