कच्च्या द्राक्षाचा प्रश्न

मिस्सेच्या वेळी धर्मगुरूच्या हातातल्या प्याल्यात नेमकं काय असावं? तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसने ‘सुम्मा थिओलोजिए’च्या तिसऱ्या भागात हा प्रश्न हाताळला आहे. द्राक्षाचीच वाइन हवी, की डाळिंबाची आणि तुतीचीही चालेल? ज्या मुलखात वेलच रुजत नाही तिथल्यांनी काय करायचं? आणि घड पिकलाच नाही, तर त्याच्या आंबट रसाला वाइन म्हणायचं का?

अक्वायनसची उत्तरं ठाम आहेत. वेलीचंच फळ हवं, कारण ख्रिस्ताने शेवटच्या भोजनात तेच उचललं होतं. वेल नसेल तिथे वाइन बाहेरून न्यावी. विधीपुरती थोडीशी कुठेही पोचवता येते. कच्च्या द्राक्षाचा रस मात्र चालणार नाही. तो अजून वाइन होण्याच्या वाटेवर आहे, वाइन झालेला नाही. उलट पिकलेल्या घडाचा ताजा, न आंबलेला रस चालतो, कारण त्यातली गोडी हीच उष्णतेने आपलं काम पुरं केल्याची खूण आहे.

हा नुसता शब्दच्छल नव्हे. 2003 साली व्हॅटिकनने मद्य घेऊ न शकणाऱ्या धर्मगुरूंना, त्यात दारूच्या व्यसनातून उठलेलेही आले, स्थानिक बिशपच्या परवानगीने असा ताजा रस वापरण्याची वाट मोकळी ठेवली. सातशे वर्षांपूर्वीचा बारीक भेद एखाद्या माणसाचं पौरोहित्य वाचवतो, तेव्हा तो ज्याने केला त्याचे आभार मानावेसे वाटतात.

अक्वायनस इटलीचा, पण त्याचं शिक्षण काही काळ ऱ्हाइनकाठच्या कोलोनमध्ये झालं. तिथून उत्तरेला वाइनचा मुलूख संपत येतो, आणि पुढे ‘बाहेरून आणा’ या उत्तराची किंमत वाढत जाते. नॉर्वेतलं निदारोस, म्हणजे आजचं ट्रॉन्डहाइम, 63 अक्षांशावर आहे. तिथल्या आर्चबिशप सिगुर्डला पोप नववा ग्रेगरी याने 1237 मध्ये कळवलं की वाइनच्या जागी बिअर किंवा दुसरं पेय चालणार नाही. 1241 मध्ये त्याच सिगुर्डला दुसरं पत्र गेलं: पाण्याअभावी बिअरने दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य नाही. आइसलँडच्या एका बिशपचरित्रात 1203 च्या सुमाराची नोंद आहे, की ग्रीनलँडहून आलेल्या बिशपने आइसलँडच्या लोकांना रानातल्या काळ्या बेरीपासून वाइन करायला शिकवलं. माणसं हुज्जत घालत नव्हती. विधी चुकू नये म्हणून हाताशी असलेल्या फळातून वाट काढत होती.

प्रश्न खोल आहे तो इथे. जो देव सगळ्या पृथ्वीचा, त्याची भेट भूमध्य समुद्राकाठच्या एका फळाशी का बांधलेली असावी? ही अडचण उत्तरेपुरती नव्हती. मलबारचे थॉमस ख्रिस्ती मनुके भिजवून त्यांची वाइन करत, आणि गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी 1599 मध्ये उदयंपेरूरला भरवलेल्या धर्मसभेत मिस्सेच्या वाइनचा विषय निघालाच. सोयीचं उत्तर असं, की वस्तू गौण, भाव महत्त्वाचा. पण ते ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यालाच बगल देतं. देव विशिष्ट गावात, विशिष्ट देहात जन्मला असं मानणारी श्रद्धा वस्तूला गौण म्हणू शकत नाही. नियम कठोर आहे खरा, पण तो पोकळ नाही.

सिस्टर्शियन साधूंनी या नियमाला तिसरंच उत्तर दिलं. वाइन बाहेरून आणण्यापेक्षा वेलच उत्तरेला न्यावा. क्लेअरव्होच्या बर्नार्डने 1136 मध्ये ऱ्हाइनगाउ भागात एबरबाख मठ स्थापला. तिथले साधू स्वतःच्या बोटींतून कोलोनला वाइन पाठवत. त्याच शतकात स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी, लाव्होच्या उतारावर, त्यांच्या पंथबंधूंनी दगडी ताली बांधल्या. आज तिथे शास्ला जातीची द्राक्षं होतात आणि 2007 पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. दक्षिण टिरोलमधला नॉयश्टिफ्ट मठ सिस्टर्शियनांचा नव्हे, ऑगस्टिनियनांचा, पण वाट तीच; त्याची स्थापना 1142 ची. आल्प्सच्या कुशीतल्या त्याच्या बागांत आजही सिल्वानर आणि केर्नर पिकतात.

थंडीला पुरून उरली ती रीसलिंग ही द्राक्षाची जात. तिची पहिली लेखी नोंद 1435 ची, रुसेल्सहाइमच्या एका हिशेबातली. हिचे डोळे उशिरा फुटतात, त्यामुळे वसंतातल्या दंवाचा तडाखा बऱ्याचदा चुकतो. लाकूड टणक, हिवाळा सोसणारं. पण घड पिकायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो. मोझेल नदीच्या खोऱ्यात ब्रेम गावाजवळचा काल्मोंट उतार काही ठिकाणी 60 अंशांहून तीव्र आहे. पायाखाली काळसर पाटीच्या दगडाच्या कपच्या, दिवसा तापणाऱ्या आणि रात्री ऊब सोडणाऱ्या. वेल एकेका खुंटाला बांधलेला, दोन काड्या वाकवून बदामाच्या आकारात आणलेल्या. अशा ठिकाणी ट्रॅक्टर चढत नाही. माणूस चढतो, किंवा एका रुळावरची छोटी गाडी त्याला वर नेते. पावसाने खाली आलेली माती आणि कपच्या पुन्हा वर न्यायच्या, हेही कामच. मणी लहान, हिरवट पिवळा, उन्हाच्या बाजूने तपकिरी ठिपके आलेला. अक्वायनसने सांगितलेली ती गोडी त्या ठिपक्यांच्या बाजूला आधी उतरते.

आणि काही वर्षी ती उतरतच नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोझेलचे बागायतदार कर्जात बुडाले होते. ट्रिअरमध्ये जन्मलेल्या कार्ल मार्क्सने 1843 मध्ये कोलोनच्या वृत्तपत्रात त्यांच्या हलाखीवर लिहिलं. ट्रिअरच्याच लुडविग गॉलने 1850 च्या दशकात उपाय सुचवला: आंबट रसात साखरपाणी घालून तो आंबवायचा. फ्रान्समध्ये शाप्तालने साखर घालण्याचा पुरस्कार 1801 मध्येच केला होता. गॉलच्या पद्धतीने वाईट सालातलाही माल विकता येऊ लागला. दुसऱ्या बाजूने ओरड झाली की ही भेसळ आहे. 1910 मध्ये साखर न घातलेल्या वाइनचाच लिलाव करणाऱ्या उत्पादकांचा संघ उभा राहिला, आणि अशा बाटलीवर ‘नैसर्गिक शुद्ध’ अशा अर्थाचा शब्द 1971 च्या कायद्यापर्यंत छापला जाई.

चर्चचा कायदाही मिस्सेची वाइन नैसर्गिक, वेलीच्या फळाची आणि न बिघडलेली असावी असंच सांगतो. मग निसर्ग कुठे संपतो? डोंगर फोडून ताल बांधणं, कपच्या डोक्यावरून वर वाहणं, वेलीला उन्हाकडे वळवणं, हे सगळं माणसाचंच कर्तृत्व. तरीही यात आणि साखरेच्या पोत्यात फरक आहे. ताल आणि दगड सूर्याला त्या घडापर्यंत पोचायला मदत करतात. साखर दुसऱ्या शेतात पडलेलं ऊन आणून ओतते. वेदीपुरता हा फरक मानायला हवा. पण तोच निकष बागायतदाराच्या प्रामाणिकपणाला लावणं अन्यायाचं होतं. दक्षिणेकडे तोंड केलेला उत्तम उतार ज्याच्या वाट्याला आला त्याला शुद्धता सहज परवडते. सावलीतल्या तुकड्यावर राबणाऱ्याला पावसाळी सालात ती मुलांच्या ताटातली भाकरी देऊन विकत घ्यावी लागते. तेव्हा गॉलची बाजू घेणं भाग आहे.

आता हवामान तापत चाललं आहे आणि पारडं फिरलं आहे. डेन्मार्कला 2000 पासून व्यापारी वाइन करण्याची मुभा मिळाली. फ्रायबुर्गच्या संस्थेत 1975 मध्ये तयार झालेली, लवकर पिकणारी, रोगाला दाद न देणारी सोलारिस ही संकरित जात डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये रुजली आहे. नॉर्वेच्या दक्षिणेतही वेल दिसू लागले आहेत. तिकडे जर्मनीत उणे 7 अंशांखाली वेलीवरच गोठलेल्या घडांपासून होणारी आइसवाइन 2019 च्या हंगामात कुठल्याच भागात साधली नाही. रीसलिंगची गोडी लवकर उतरते आणि तिची ख्याती ज्या आंबटपणावर उभी आहे, तो उन्हाळ्यातच ओसरू लागतो. अक्वायनसला कच्चेपणाची चिंता होती. उद्या बागायतदार तळघरात रसात आम्ल घालून तोल सावरू लागला, तर त्याला साखरेचाच न्याय लावायचा का, हे चर्चच्या पंडितांनी एकदा त्या उतारावर चढून, कात्री हातात असलेल्या माणसाला विचारून ठरवावं.