जुळणे आणि जुळवून घेणे

‘परिसराशी जुळणारी वास्तू’ ही संज्ञा गेल्या चार दशकांत वास्तुविचारात इतकी रुळली आहे की, तिच्यात एक नैतिक दावा दडलेला आहे याचे भान सहसा राहत नाही. ॲलेक्झांडर त्झोनिस आणि लिआन लफेव्र यांनी १९८१ मध्ये चिकित्सक प्रादेशिकतेची कल्पना पुढे आणली. केनेथ फ्रॅम्प्टन यांनी १९८३ च्या निबंधात तिला प्रतिकाराच्या वास्तुकलेचे रूप दिले. जगभर एकाच साच्याच्या इमारती उभ्या राहत असताना स्थानिक प्रकाश, भूरचना, हवामान आणि स्पर्शसंवेदन यांच्या आधाराने वास्तूने या सपाटीकरणाला विरोध करावा, हा तिचा आशय. मराठी समीक्षेच्या वाचकाला हा युक्तिवाद अपरिचित वाटणार नाही. भालचंद्र नेमाडे यांची देशीयतेची मांडणी साधारण त्याच काळातली आहे. आपल्या भूमीत रुजलेले तेच अस्सल, ही दोन्ही विचारांमागची प्रेरणा आहे आणि दोन्हींपुढची अडचणही समान आहे. भूमी म्हणजे नेमके काय, आणि ते ठरवायचे कोणी?

या प्रश्नाकडे पाहण्यासाठी मराठीतील दोन क्रियापदे उपयोगी पडतात. ‘जुळणे’ हे अकर्मक आहे. सूर जुळतो, पत्रिका जुळतात. त्यात कोणी काही सोसल्याचे सूचित होत नाही. ‘जुळवून घेणे’ याला मात्र कर्ता लागतो, आणि हा कर्ता बहुधा दुबळा असतो. सुनेने सासरी जुळवून घ्यायचे असते. सासरने सुनेशी जुळवून घेतले असे क्वचितच ऐकू येते. वास्तुसमीक्षा नेहमी पहिल्या क्रियापदात बोलते. इमारत टेकडीशी जुळते, भिंत मातीच्या रंगाशी जुळते. दुसरे क्रियापद कोणाच्या वाट्याला आले, हे विचारताच प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही.

इंदापूर तालुक्यातील कळंब हे या दृष्टीने विचार करण्याजोगे गाव आहे. (धाराशिव जिल्ह्यातले तालुक्याचे कळंब ते हे नव्हे.) नीरेच्या खोऱ्यातला हा भाग मूळचा पर्जन्यछायेचा. येथे पाऊस बेभरवशाचा आणि लाकूड दुर्मीळ. अशा प्रदेशात माळवदाची घरे होती. दगडमातीच्या जाड भिंती, वर तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि सर्वांत वर पांढरीच्या मातीचा थर. ‘काळी’ म्हणजे शेत आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्ती, ही जुनी जोडी केवळ मातीच्या रंगाची नव्हे, तर जगण्याच्या व्यवस्थेची आहे. ज्या मातीवर गाव वसले तीच घराच्या डोक्यावर चढली. परिसराशी याहून निकट संवाद साधणारी वास्तू कल्पिणे कठीण आहे.

परंतु परिसर तेथेच थांबला नाही. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा आला. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या शिवारात साखर कारखाना उभारला, आणि त्याभोवती कामगारांच्या वसाहती, शाळा, बाजार असे वालचंदनगर आकाराला आले. भवानीनगरला सहकारी कारखाना झाला. जिरायती रान उसाखाली गेले. आज कळंबला परिसरानुरूप घर बांधायचे, तर कोणत्या परिसराला अनुरूप? माळवदाच्या, की कारखान्याच्या धुराड्याच्या? कालव्याच्या पाण्यावर दोन पैसे हाती आलेल्या शेतकऱ्याने सिमेंटचा स्लॅब टाकला, तर त्याने परिसराशी द्रोह केला असे म्हणता येईल काय? तो उन्हाळ्यात तापतो हे खरे. पण माळवदावर दर पावसाळ्यापूर्वी माती टाकण्याची, गळती शोधण्याची आणि रात्री उठून भांडी लावण्याची दगदग ज्यांनी केली, त्यांची त्या स्लॅबविषयीची ओढ केवळ अनुकरणाची म्हणून निकालात काढणे हा अन्याय आहे. नेमकी तीच मातीची भिंत आता पुण्याजवळच्या शनिवार-रविवारच्या घरांना लावून घेतली जाते. तेथे गळती शोधायला पगारी माणूस असतो.

या ऊसपट्ट्यात परिसरानुरूपतेच्या सर्व कसोट्यांना उतरणारी वास्तू एकच आहे, आणि तिचा उल्लेख वास्तुकलेच्या कोणत्याही पुस्तकात सापडायचा नाही. ती म्हणजे ऊसतोड मजुरांची कोपी. बांबूच्या कांबी, चटया, वर पाचट, अलीकडे प्लास्टिकचा कागद. साहित्य बहुतांशी जागेवरचे, ऊर्जेचा वापर नगण्य, हंगाम संपला की जमिनीवर खूण उरत नाही. दिवाळीच्या आगेमागे बीडसारख्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्या काळात ही कोपी उसाच्या रानात इतकी मिसळून जाते की, रस्त्यावरून जाणाऱ्याला ती दिसतही नाही. आत शिरायचे तर वाकावे लागते. पाणी नाही, न्हाणी नाही. पहाटे फडावर जाणाऱ्या बाईला आडोसा नाही. मुकादमाकडून उचल घेतलेल्या कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, या निवासाची निवड करण्याचा अधिकार नसतो. वास्तू परिसराशी पूर्णपणे जुळली आहे, कारण माणसांनी पूर्णपणे जुळवून घेतले आहे. सुसंगती हे जर स्वयंसिद्ध मूल्य असेल, तर कोपीला आदर्श मानावे लागेल. तसे मानायला कोणीही धजावणार नाही. याचा अर्थ, सुसंगतीला मूल्य प्राप्त होते ते तिच्याबाहेरच्या कशामुळे तरी. ते म्हणजे राहणाऱ्याचे स्वातंत्र्य.

जुन्या गावाच्या सौंदर्याचा विचारही याच कसोटीवर करावा लागतो. पांढरीचा आराखडा निष्पाप नव्हता. गावकूस होते आणि गावकुसाबाहेर माणसे होती. घरांचा रंग एक असला तरी पाणवठे एक नव्हते. १९४८ मध्ये संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर जो कठोर प्रहार केला, त्याचा रोख राज्यव्यवस्थेवर होता. परंतु वास्तुविचाराने तो स्वतःला लावून घ्यायला हरकत नाही. परिसराचा आदर करणारी रचना परिसरातील सीमारेषांचाही आदर करते काय, हा प्रश्न प्रादेशिकतेचे पुरस्कर्ते फारसा विचारत नाहीत.

आणि माळवदाकडे तर ३० सप्टेंबर १९९३ नंतर पूर्वीच्या भाबडेपणाने पाहणे अशक्य आहे. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे ८,००० माणसे गेली, ती मुख्यतः आपल्याच घरांखाली. मातीत रचलेल्या दुपदरी दगडी भिंती, त्यांना एकत्र बांधणाऱ्या आरपार दगडांचा अभाव, आणि वर वर्षानुवर्षे चढत गेलेला मातीचा थर. घराची काळजी म्हणून दरवर्षी टाकलेली माती, हेच घराचे ओझे झाले होते. तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. जेथे लाकडी खांब-तुळयांचे खण नीट जोडलेले होते, तेथे अनेकदा भिंती ढासळल्या पण खण उभे राहिले. म्हणजे परंपरेपाशी उत्तर होते. ते लाकूड परवडणाऱ्यांपाशी होते, एवढेच.

पुनर्वसनात शासनाने पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसवली. रुंद सरळ रस्ते, चौकटीत बसवलेले भूखंड, एकसारखी घरे. गल्लीबोळ, ओटे, वाड्याच्या चौकातला आडोसा यांतले काही उरले नाही आणि टीका झाली ती याच परकेपणावर. ती टीका रास्त होती. परंतु त्याच योजनेत घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवर ठरवले होते: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. आराखडा परका असला तरी उतरंड मात्र अगदी स्थानिक होती. येथे शासनाने परिसराशी उत्तम जुळवून घेतले, असे खेदाने म्हणावे लागते.

हायडेगर यांनी १९५१ मध्ये डार्मश्टाट येथील व्याख्यानात बांधण्याचे मूळ राहण्यात शोधले, आणि उदाहरणादाखल ब्लॅक फॉरेस्टमधल्या शेतकऱ्याचे दोनशे वर्षांपूर्वीचे घर घेतले. तशी घरे पुन्हा बांधावीत असा आपला आग्रह नाही, हेही त्यांनी तेथेच स्पष्ट केले होते. नंतरच्या भक्तांनी घर लक्षात ठेवले आणि खुलासा विसरला. राहणे ही क्रिया आहे. तिचे रूप गोठवले की उरतो तो देखावा. मर्ढेकरांच्या परिभाषेचा आधार घ्यायचा तर, लयीत संवादाइतकेच स्थान विरोधाला आणि समतोलालाही आहे. वास्तुसमीक्षेने संवाद तेवढा उचलला आणि इतर दोन तत्त्वे वाऱ्यावर सोडली.

या संदर्भात चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी १९८३ ते १९८६ या काळात बेलापूरला उभारलेली वसाहत मोलाची ठरते. आठ मीटर चौरस अंगणाभोवती सात घरे, अशा तीन समूहांचा मोठा समूह, त्यांना पुन्हा एक सामायिक मोकळी जागा. भूखंड सर्वांत लहान ४५ चौरस मीटर, सर्वांत मोठा ७५. उत्पन्नातील तफावत मोठी असूनही जमिनीतील अंतर जाणीवपूर्वक कमी राखलेले. उतरती छपरे कोकणातल्या पावसाला साजेशी, बांधणी गवंड्याला झेपेल इतकी साधी. शेजारच्या घराशी भिंत सामायिक नाही, कारण प्रत्येकाला आपले घर आपल्या ऐपतीने वाढवता यावे.

रहिवाशांनी ते वाढवले. अनेकांनी मूळ घर पाडून दोन-तीन मजली स्लॅबची घरे बांधली. वास्तुकलेच्या पुस्तकांत अद्याप छापली जाणारी टुमदार कौलारू वसाहत आज तेथे जाणाऱ्याला अगदी थोडी दिसते, आणि त्यामुळे हा प्रयोग फसला असे म्हणणाऱ्यांची संख्या कमी नाही. हे मत छायाचित्राच्या बाजूचे आहे. कोरियांच्या योजनेने राहणाऱ्याला बदलाचा अधिकार दिला होता आणि त्याने तो वापरला. येथे वास्तूने माणसाशी जुळवून घेतले. वर सांगितलेल्या इतर प्रत्येक उदाहरणात हे उलटे घडले आहे.

अर्थात हा अधिकारही निर्वेध नाही. एकाचा मजला चढला की शेजाऱ्याच्या चौकातला उजेड कमी होतो, आणि ज्याला मजला चढवणे परवडत नाही त्याने त्या सावलीशी जुळवून घ्यायचे. घराच्या आतले सर्व काही बदलण्याची मुभा होती, बाहेरचे सामायिक अंगण मात्र एकट्या घरमालकाच्या हातात नव्हते. सात घरांतील भांडणे, लग्ने आणि वाळवणे याच आठ मीटरांत मावायची होती.