गरज सरो, वैद्य मरो?

गरज सरतांच वैद्याचें नांव विसरणारा मनुष्य कृतघ्न होय, असें आपण सर्व मानतों. परंतु हीच गोष्ट एका मनुष्यानें न करितां सर्व बाजारानें केली, आणि ती एका वैद्याच्या बाबतींत न होतां अवघ्या गांवाच्या बाबतींत घडली, म्हणजे आपण तिला कृतघ्नपणा म्हणत नाहीं. "काळाचा फेरा" किंवा "व्यवहार" असें सौम्य नांव आपण तिला देतों. नांव बदलल्यानें दोष धुऊन निघतो काय, याचा विचार वाचकांनीं क्षणभर करावा.

पनवेलचेंच उदाहरण घ्या. आगगाडी नव्हती तेव्हां मुंबईहून पुण्यास जाणारा माल व उतारू खाडीनें पनवेल बंदरास येत, आणि तेथून बैलगाडीनें चौक, खालापूर, खोपोली करीत बोरघाट चढत. १८३० सालीं घाटांतून गाडीरस्ता खुला झाल्यावर हा राबता वाढला. तांडेल, हमाल, गाडीवान, भाताचे व्यापारी, गाड्यांचीं चाकें करणारे सुतार, या सर्वांची चूल त्या वाटेच्या आधारानें पेटत असे. १८५२ सालीं गांवास नगरपालिका मिळाली. परंतु पुढच्याच वर्षीं मुंबईहून ठाण्यास आगगाडी धांवली; १८५६ सालीं ती खोपोलीस पोहोंचली, आणि १८६३ सालीं बोरघाट चढून गेली. ती कल्याणावरून गेली. पनवेल बाजूस राहिलें. गाडीवानानें कांहीं अपराध केला नव्हता. त्याचे बैल तेच, हात तेच, सचोटी तीच. वाट मात्र दुसरीकडे वळली.

दूर देशचें एक उदाहरण याहून मोठें आहे. इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स नांवाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथील दगडी कोळशावर देशोदेशींच्या आगबोटी चालत, आणि पहिल्या महायुद्धांत तो इंग्रजी आरमाराचा आधार होता. १९२० सालीं दक्षिण वेल्सच्या खाणींत सुमारे पावणेतीन लक्ष माणसें राबत होतीं. युद्ध संपलें आणि दिवस फिरले. आगबोटी तेलावर चालूं लागल्या. हरलेल्या जर्मनीचा कोळसा युद्धाच्या भरपाईदाखल फ्रान्स व इटलीला मिळूं लागला. १९२५ सालीं पौंडाचा भाव चढा ठरविल्यामुळें वेल्सचा कोळसा परदेशीं महाग झाला. दुसऱ्या वर्षीं मालकांनीं मजुरी घटविली, व ती न स्वीकारणाऱ्यांना कित्येक महिने खाणीचीं दारें बंद राहिलीं. पुढें मजुरांची संख्या निम्म्यावर आली, आणि दोन महायुद्धांच्या दरम्यान सुमारे चार लक्ष माणसें वेल्स सोडून गेलीं. लोखंड व कोळसा यांवर वाढलेल्या मर्थर टिडफिल नांवाच्या शहराविषयीं तर १९३९ सालीं एका अभ्यासमंडळानें सुचविलें कीं, हें शहर राखण्यास खर्च फार, सबब सारी वस्ती उचलून दुसरीकडे न्यावी.

येथें कोणी विचारील, "यांत दोष कोणाचा? गाडीवानासाठीं आगगाडी थांबवावयाची होती काय?" प्रश्न रास्त आहे. आगगाडीनें प्रवास स्वस्त झाला, व दुष्काळांत धान्य दूरवर नेतां येऊं लागलें. कोळसा संपलेली खाण खोदीत बसणें हें शहाणपण नव्हे. धंद्याला अमरत्वाचा हक्क नाहीं, हें आम्हीं मान्य करितों. परंतु धंदा आणि धंदा करणारा मनुष्य हे दोन आहेत. धंदा मरणें ही कालगति असेल. त्याच्याबरोबर मनुष्यास मरूं देणें ही कालगति नव्हे, ती आपली करणी होय. ज्यांनीं त्याच्या घामानें घरें बांधिलीं, आरमारें चालविलीं, त्यांच्यावर त्याचें देणें उरतें. वेळीच सूचना देणें, दुसरें काम शिकण्यास अवधि व अन्न देणें, आणि सर्वांत आधीं त्याला विचारणें, हें तें देणें. मर्थरची सूचना करणाऱ्यांचा हिशेब कदाचित् चुकला नसेल. परंतु गांव म्हणजे केवळ मजुरी मिळण्याची जागा नव्हे. तेथें आईबापांच्या कबरी असतात, उसनें मागतां येईल असा शेजार असतो. तें कोणत्याच वहींत मांडतां येत नाहीं.

मर्थर उठलें नाहीं. १९४८ सालीं तेथें कपडे धुण्याच्या यंत्रांचा मोठा कारखाना निघाला. २००९ सालीं तोही बंद झाला. यावरून काय दिसतें? गांवाचें मोल जर केवळ उपयोगावर ठरत असेल, तर दर पिढीस त्याला आपल्या जगण्याचें कारण पुनः सिद्ध करावें लागेल. असें मोल म्हणजे भाडें होय.

आपल्याच महाराष्ट्रांत वरोरा येथें सरकारी कोळशाची खाण होती. ती १९०६ सालीं बंद झाली व कोळशाचें काम बल्लारपूरकडे गेलें. त्याच वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापिली, आणि १९५१ सालीं आनंदवन उभें राहिलें. ज्यांना घरानें व गांवानें निरुपयोगी म्हणून टाकिलें होतें, त्याच कुष्ठरोग्यांनीं खडकाळ जमिनींत विहिरी खोदल्या व पिकें काढिलीं. त्यांना आधीं माणूस मानण्यांत आलें. उपयोग मागाहून प्रकट झाला. हा क्रम लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

आज पनवेल पुनः भरभराटलें आहे. २००२ सालीं पुण्याचा द्रुतगति महामार्ग पूर्ण झाला, २०१६ सालीं महानगरपालिका झाली, आणि २०२५ सालीं तालुक्यांत विमानतळाचें उद्घाटन झालें. परंतु या वैभवानें १८६३ सालच्या गाडीवानाच्या घरचा रिकामा हंडा भरला नाहीं. "शेवटीं सर्व ठीक झालें" असें म्हणणारा बहुधा शेवटीं आलेलाच असतो. आणि विमानतळासाठीं दहा गांवांना आपल्या जागा सोडाव्या लागल्या, हेंही विसरूं नये. नव्या मुंबईसाठीं जमीन देणाऱ्यांना विकसित जमिनीचा साडेबारा टक्के भाग परत मिळावा, हें तत्त्व मान्य झालें. परंतु त्याआधीं १९८४ सालच्या आंदोलनांत पांच माणसांनीं प्राण गमाविले होते. देणें मागून घ्यावें लागलें, आणि तेंही इतक्या किंमतीस.

वाचकहो, बाजार व सरकार यांजकडे बोट दाखविणें सोपें आहे. आपल्या गांवांतही कुंभाराचें चाक थांबलें आहे, शिंप्याचें यंत्र धूळ खात आहे, आणि जन्मभर दुसऱ्याच्या शेतांत राबलेला म्हातारा पडवींत बसून आहे. त्याच्याकडून कांहीं मिळावयाचें उरलें नाहीं. त्याला आपण कोणत्या नांवानें हांक मारितों, आणि त्याच्या ताटांत काय वाढितों, यावरून वरील प्रश्नाचें आपलें उत्तर कळेल.