निर्दोषत्वाची अट

इंग्रजी अभिजात कादंबरी भारतीय चित्रपटात अवतरते तेव्हा समीक्षा बहुधा मूलनिष्ठेचा हिशेब मांडते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न नैतिक आहे : करुणेस पात्र ठरण्यासाठी रूपांतर नायिकेकडून काय मागते?

टॉमस हार्डीच्या ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ (१८९१) या कादंबरीचे उपशीर्षकच टेसला शुद्ध ठरवते. अरण्यातील त्या रात्री अ‍ॅलेकने तिच्यावर बलात्कार केला की तिला मोहात पाडले, हे संहिता निःसंदिग्धपणे सांगत नाही. तरीही ती शुद्ध आहे, हा हार्डीचा दावा. विवाहाच्या रात्री एंजेल आपल्या स्खलनाची कबुली देतो व टेस त्याला क्षमा करते. तिच्या कबुलीला मात्र क्षमा लाभत नाही. ही विषमता भारतीय प्रेक्षकाला परकी नाही. ‘दुल्हन एक रात की’ (१९६७) आणि काहीशा सैल अर्थाने ‘प्रेमग्रंथ’ (१९९६) या चित्रपटांनी याच कथेकडे वळावे, यात म्हणूनच नवल नाही.

‘प्रेमग्रंथ’मध्ये मात्र संदिग्धता उरत नाही. नायिकेवर बलात्कारच होतो; अखेर अपराध्याला शिक्षा होते आणि ती जगते. हार्डीची टेस फासावर जाते. येथे चित्रपटाची बाजू दुर्बल नाही : अन्याय सोसणाऱ्या स्त्रीच्याच वाट्याला मृत्यू का, असे हार्डीलाही विचारता येते. तथापि चित्रपटाच्या दयेला एक अट आहे. नायिकेची लेशमात्रही संमती नव्हती, हे ठरल्यावरच तिची प्रतिष्ठा तिला परत मिळते.

ही अट केवळ भारतीय मानसिकतेची खूण मानणे चुकीचे ठरेल. ‘द ग्राफिक’ या साप्ताहिकात कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होताना खुद्द हार्डीलाच तो प्रसंग गाळून त्याजागी बनावट विवाह घालावा लागला होता. व्हिक्टोरियन कुटुंबवाचकासाठीही टेस आधी निरपराध ठरवावी लागली.

मायकेल विंटरबॉटमच्या ‘तृष्णा’त (२०११) कथा राजस्थान व मुंबईत येते आणि अ‍ॅलेक व एंजेल एकाच पुरुषात एकवटतात. स्त्रीचा उपभोग घेणारा आणि तिच्या शुद्धतेचा निवाडा करणारा हे दोघे वेगळे असतातच असे नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

म्हणून रूपांतराची कसोटी सुखान्त की शोकान्त, ही नव्हे. जिचे निर्दोषत्व सिद्ध करता येत नाही, तिलाही ते सन्मान देते काय, ही खरी कसोटी होय. हार्डीने तो सन्मान दिला. त्याची किंमत मात्र टेसलाच मोजावी लागली, हेही नजरेआड करता येत नाही.